उतारवयांतील विस्मृति आणि सोयाबीनचा डबा

गेल्या महिन्यांत एका चूर्णाची जाहिरात आमच्याकडे प्रसिद्धीसाठीं आली होती. सोयाबीनपासून काढलेलें 'वनस्पतिज इस्ट्रोजेन' नांवाचें द्रव्य या चूर्णांत असून, तें रोज दोन वेळां दुधांतून घेतल्यास साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांची स्मरणशक्ति शाबूत राहते व गेलेली परत येते, असा त्या जाहिरातीचा आशय होता. तिचे पैसेही आगाऊ देऊं केले होते. मासिकाचा खर्च कसा चालतो हें सभासदांस ठाऊक आहेच; तेव्हां चालून आलेलें उत्पन्न परत करणें आम्हांस सुखाचें वाटलें नाहीं. तथापि ती जाहिरात आम्हीं परत पाठविली. असले डबे आतां महाडच्या व पोलादपूरच्या बाजारांत येऊन पोहोंचले आहेत, आणि आमच्या कित्येक सभासदांच्या घरीं ते फडताळांत विराजमान झालेले आम्हीं पाहिले आहेत. म्हणून आमच्या नकाराचीं कारणें वाचकांपुढें सविस्तर ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या दोन्ही तालुक्यांच्या स्थितींतच आहे. एका अंगास सह्याद्रीची भिंत, मधून सावित्री, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि जमीन खाचरांत व वरकसांत तुकड्यातुकड्यांनीं वांटलेली. गिरण्यांच्या काळापासून येथील तरुण मुंबईची वाट धरीत आले आहेत. गणपतींत व शिमग्यांत घरें भरतात. एरवीं कित्येक वाड्यांत सत्तरीच्या घरांतील जोडपें, नाहीं तर एकटी म्हातारी, एवढेंच माणूस दिवा लावावयास उरतें. कोणता बांध कोणाचा, ओढ्याचें पाणी आधीं कोणाच्या खाचरांत घ्यावयाचें, कोणत्या जागेंत हळवें भात उतरतें व कोणत्या जागेंत गरवें, हें सर्व सातबाराच्या उताऱ्यावर लिहिलेलें नसतें. तें या वृद्ध माणसांच्या डोक्यांत असतें. त्यांची स्मृति गेली म्हणजे शेताचें अर्धें दप्तरच गेलें म्हणावयाचें.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यांत राहतात. त्यांच्या मातोश्रींचें वय पंचाहत्तरीच्या आसपास. घरच्या बियाण्याचे मुडे त्या चाळीस वर्षें स्वतः बांधून ठेवीत, आणि कोणत्या मुड्यांत कोणतें भात हें चिठ्ठी न लावतां सांगत. तीन वर्षांपूर्वीं रोहिणींत पेरणीच्या वेळीं त्यांनीं गरव्याचा म्हणून हळव्याचा मुडा काढून दिला. आवण उगवलें, लावणी झाली, आणि खोल खाचरांतील तें भात पाऊस चालू असतांनाच पिकून पाण्यांत आडवें झालें. घरांत कोणीं त्यांस दोष दिला नाहीं. परंतु काय घडलें हें त्यांच्या लक्षांत आलें, आणि तेव्हांपासून त्यांनीं बियाण्याच्या खोलींत पाऊल टाकणेंच सोडलें.

मुंबईस असणाऱ्या धाकट्या मुलानें काळजीनें एक डबा पाठविला. तो संपला तसा दुसरा आला. आठ महिन्यांत त्या डब्यांवर जेवढे रुपये गेले, तेवढ्यांत त्या घरचें एका हंगामाचें खत आलें असतें. स्मृतींत फरक पडला नाहीं. पुढें एके दिवशीं भोवळ येऊन त्या अंगणांत पडल्या, म्हणून त्यांस सरकारी दवाखान्यांत नेलें. आणि तेथें त्यांचा रक्तदाब आयुष्यांत प्रथमच मोजला गेला. तो फारच वाढलेला होता. त्यांस दोन्ही कानांनीं बरेंच कमी ऐकूं येतें, हेंही तेव्हांच उमगलें. आज त्या रक्तदाबाची गोळी नियमानें घेतात व कानांत यंत्र घालतात. विसर नाहींसा झालेला नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु त्या पुन्हां माणसांत बसूं लागल्या आहेत; मुडे बांधतांना सून शेजारीं बसते आणि त्या सांगतील तशी चिठ्ठी लावते. रक्तदाब ज्या आठ महिन्यांत मोजावयास हवा होता ते आठ महिने डब्यानें खाल्ले, एवढीच आमची तक्रार आहे.

आतां हें द्रव्य म्हणजे काय तें पाहूं. इस्ट्रोजेन हें मुख्यत्वेंकरून स्त्रीच्या बीजकोशांत तयार होतें व रक्तावाटे सर्व शरीरांत फिरतें. गर्भधारणेशीं त्याचा संबंध आहेच. पण हाडांवर, रक्तवाहिन्यांवर व मेंदूवरही त्याचा परिणाम होतो. ऋतु बंद झाल्यावर तें फारच कमी होतें. कांहीं वनस्पतींत या द्रव्याशीं घडणीनें साम्य असलेलीं द्रव्यें आढळतात, त्यांसच वनस्पतिज इस्ट्रोजेन म्हणतात. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डाइडझीन हीं त्यांत प्रमुख. तीं आयसोफ्लेव्होन या वर्गांतलीं. जवस व तीळ यांत लिग्नान नांवाचा दुसरा वर्ग असतो. या सर्वांचें बळ शरीरांतील इस्ट्रोजेनच्या मानानें पुष्कळच कमी असतें.

तीं द्रव्यें काल्पनिक आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांचा प्रताप प्रथम मेंढपाळांच्या नजरेस आला. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९४० नंतरच्या वर्षांत एका जातीच्या क्लोव्हरवर, म्हणजे आपल्या बरसीम घासाच्या जातभाईवर, चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. १९४६ सालीं तेथील पशुवैद्यांनीं हा विकार लिहून प्रसिद्ध केला, आणि पुढें त्याचें कारण त्या घासांतील इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांत सांपडलें. मेंढीच्या पोटांतील जंतु त्या द्रव्याचें रूपांतर इक्वोल नांवाच्या अधिक प्रभावी द्रव्यांत करतात. सोयाबीन खाणाऱ्या माणसाच्या आंतड्यांतही असें रूपांतर होऊं शकतें, परंतु तें सर्वांच्या बाबतींत होत नाहीं. पाश्चात्य देशांत सुमारें चौघांपैकीं एकाच्या, तर जपानांत सुमारें निम्म्या लोकांच्या शरीरांत होतें. तेव्हां एकाच डब्यांतील चूर्ण दोन सख्ख्या जावांनीं घेतलें तरी दोघींच्या शरीरांत त्याचें काय होईल हें सारखें नसतें. मेंढ्यांच्या या हकीकतीवरून आणखीही एक बोध घेण्यासारखा आहे. वस्तु झाडपाल्याची आहे, म्हणून ती निरुपद्रवीच असते हें म्हणणें कोणत्याही गुराख्यानें ऐकून घेऊं नये.

डबा विकणारे मुख्यत्वेंकरून दोन युक्तिवाद करतात. पहिला असा: ऋतु बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटतें, त्याच सुमारास विसर वाढतो, म्हणून बाहेरून भर घातली कीं विसर थांबेल. हा युक्तिवाद ऐकावयास सरळ आहे, आणि मोठमोठ्या डॉक्टरांसही तो एके काळीं पटला होता. म्हणूनच अमेरिकेंत पासष्ट वर्षांवरील साडेचार हजार स्त्रियांवर त्याची परीक्षा झाली. अर्ध्या स्त्रियांस इस्ट्रोजेन व त्याच्या जोडीचें प्रोजेस्टिन यांची गोळी दिली, अर्ध्यांस तशाच दिसणारी पोकळ गोळी दिली. २००३ सालीं निकाल बाहेर आला तो उलटा होता. खरी गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण सुमारें दुप्पट निघालें. ऋतु बंद होण्याच्या सुमारास स्त्रियांस जो अंगाचा दाह व निद्रानाश होतो, त्यासाठीं डॉक्टर कांहीं काळ हें औषध देतात, तो निराळा विषय आहे. परंतु म्हातारपणीं इस्ट्रोजेनची भर घातली कीं स्मृति परत येते, हा पायाच त्या परीक्षेनें खचला. ज्या पायावर अस्सल द्रव्य उभें राहिलें नाहीं, त्यावर त्याचें दुबळें प्रतिरूप कसें उभें राहणार ?

दुसरा युक्तिवाद जपान्यांचा. जपानी लोक सोयाबीन खातात व दीर्घायुषी होतात, म्हणून सोयाबीनमुळें बुद्धि टिकते, असें म्हणतात. जपानी लोक मासेही खातात, पायीं चालतात, आणि त्यांचीं मुलें शाळेंत पुष्कळ वर्षें शिकतात. मग यश एकट्या सोयाबीनच्या पदरांत कां बांधावें? शिवाय प्रत्यक्ष पाहणीचा निकाल निराळाच आहे. हवाई बेटांत स्थायिक झालेल्या साडेतीन हजारांहून अधिक जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. मध्यम वयांत जे आठवड्यांतून दोन किंवा अधिक वेळां तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचें पनीर, खात असत, त्यांचीच स्मृति म्हातारपणीं अधिक उणी आढळली. २००८ सालीं इंडोनेशियांतील जावा बेटावरच्या सातशेंहून अधिक वृद्धांच्या पाहणींत तोफू अधिक खाणाऱ्यांची स्मृति उणी, तर सोयाबीन आंबवून केलेलें टेंपे खाणाऱ्यांची बरी दिसली. पुढें तेथीलच दुसऱ्या एका पाहणींत, वृद्धांपैकीं जे वयानें लहान होते त्यांच्यांत सोयाबीनचा संबंध चांगल्या स्मृतीशीं असल्याचें आढळलें.

या परस्परविरोधी निकालांवरून सोयाबीन खाल्ल्यानें विसर पडतो असा धसका कोणीं घेऊं नये. कोण काय खातो हें विचारून केलेल्या पाहणींतून कारण सिद्ध होत नाहीं. तोफू खाणारा माणूस इतर शंभर गोष्टींत न खाणाऱ्याहून निराळा असूं शकतो. हें शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. शेजाऱ्यानें नवें खत घातलें आणि त्याचें पीक चांगलें आलें, एवढ्यानें आपण खतास श्रेय देत नाहीं. त्याची जमीन खालची असेल, पाणी अधिक मिळालें असेल. खताचा गुण पाहावयाचा तर एकाच खाचराचे दोन भाग करावे लागतात, एकांत खत घालून दुसरा तसाच ठेवावा लागतो. औषधाचीही परीक्षा तशीच करतात.

सोयाबीनची अशी परीक्षा झालेली आहे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत हॉलंडमध्यें साठ ते पंच्याहत्तर वर्षांच्या २०२ स्त्रियांस वर्षभर रोज, कांहींस आयसोफ्लेव्होनयुक्त सोयाबीनचें प्रथिन, तर कांहींस दुधाचें प्रथिन दिलें. वर्षअखेर दोन्ही गटांच्या बुद्धींत फरक आढळला नाहीं. अमेरिकेंत ३५० स्त्रियांवर हीच परीक्षा अडीच वर्षें चालविली, तिचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिन दिलें. एकंदर बुद्धीवर परिणाम शून्य. पाहिलेली वस्तु लक्षांत ठेवण्याच्या कसोटींत तेवढा थोडासा लाभ दिसला, तोही आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. परंतु एवढ्या आधारावर 'गेलेली स्मृति परत येते' असें डब्यावर छापणें म्हणजे बांधावर चार कणसें बरी आलीं म्हणून सबंध शिवाराचा आकार लावण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, गुण नसला तरी अपाय काय ? दूध तरी पोटांत जातें. आमच्या मतें अपाय तीन प्रकारचा आहे. थायरॉइड ग्रंथि मंदावलेल्या माणसास जी गोळी देतात, ती सोयाबीनच्या चूर्णाबरोबर घेतल्यास आंतड्यांत नीट शोषली जात नाहीं. दोहोंत कांहीं तासांचें अंतर ठेवावें लागतें. आणि ही ग्रंथि मंदावणें हेंच विसराळूपणाचें एक कारण असतें, म्हणजे ज्या विसरासाठीं डबा घ्यावयाचा, तोच डब्यामुळें वाढण्याचा संभव. दुसरा अपाय पैशाचा. त्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. तिसरा व सर्वांत मोठा अपाय काळाचा. विसराचीं कांहीं कारणें वेळींच सांपडल्यास दूर होतात. थायरॉइड हें एक सांगितलें. ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव हें दुसरें. हें जीवनसत्त्व मासे, अंडीं, मांस व दूध यांतून मिळतें. कडधान्यांत तें नाहीं, सोयाबीनमध्येंही नाहीं. आमच्या दोन्ही तालुक्यांत माळकरी घरें पुष्कळ आहेत. ज्या माळकरी घरांत दूधही बेताचेंच असतें, तेथील वृद्धांस ही उणीव असण्याचा संभव अधिक, आणि साध्या रक्ततपासणीनें ती कळते. डब्यानें समाधान मानून बसलेलें घर तपासणीस जात नाहीं.

येथें सोयाबीनविषयींही चार शब्द न्यायानें बोलले पाहिजेत, कारण आमचा वाद पिकाशीं नसून डब्याशीं आहे. सोयाबीनमध्यें शेंकडा चाळीसच्या सुमारास प्रथिन व वीसच्या सुमारास तेल असतें. इतका पौष्टिक दाणा दुसरा क्वचित् सांपडेल. १९३५ सालीं वर्ध्यास मगनवाडींत महात्मा गांधींनीं आपल्या सहकाऱ्यांच्या जेवणांत त्याचा प्रयोग केला व आपल्या पत्रांतून त्याविषयीं लिहिलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याचे अनेक वाण काढले, आणि आज विदर्भ-मराठवाड्याची मोठी भिस्त याच पिकावर आहे. तेथील शेतकरी बांधवांचें हें पीक चांगल्या भावानें विकलें जावो. नीट शिजवून, आमटींत किंवा पिठांत मिसळून तें कोणीं खाल्लें तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. कच्चें मात्र खाऊं नये, कारण कच्च्या दाण्यांत प्रथिनाच्या पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें. अन्न म्हणून तें चांगलें आहे. स्मृतीचें औषध म्हणून विकलें जातें, तेथें तें आमच्या विश्वासास उतरत नाहीं.

आपल्या भागापुरतें पाहिलें तर आपणांस तें बाहेरून आणण्याचीही गरज नाहीं. भात निघाल्यावर खाचराच्या ओलीवर येणारा वाल, बांधावरची तूर, उतारावरचा कुळीथ, वरकसांतील नाचणी व वरी, आणि घरापुरते तीळ, एवढें ज्या घरांत पिकतें त्या घरास प्रथिनाची व क्षारांची चिंता नसावी. कुळथांत शेंकडा बावीसच्या सुमारास प्रथिन असतें, आणि नाचणीच्या शंभर ग्रॅममध्यें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. हरभरा, तूर व मूग यांत आयसोफ्लेव्होन सोयाबीनच्या मानानें नगण्य असतात. त्यामुळें त्यांच्या योग्यतेस कांहीं उणेपणा येत नाहीं. परंतु आम्हांस खेदानें लिहावें लागतें कीं, वालाचें बिरडें व कुळथाची पिठी या वस्तु आतां पाहुण्यांपुरत्या उरल्या असून, म्हाताऱ्यांच्या पुढें सकाळीं चहा व बिस्किट येतें. डब्यावर खर्च करणाऱ्या मुलानें आईच्या ताटांत रोज वाटीभर कडधान्य आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

मग स्मृतीसाठीं करावें काय ? खात्रीचा उपाय आजमितीस कोणापाशींही नाहीं, आणि आहे असें जो म्हणेल त्यापासून दूर राहावें. परंतु धोका कमी करण्याचे मार्ग आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानें २०२४ सालीं अशा चौदा कारणांची यादी दिली. तीं सर्व दूर करतां आलीं तर जगांतील सुमारें शेंकडा ४५ स्मृतिभ्रंश टळूं शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, बहिरेपणा, दृष्टिमांद्य, धूर, डोक्यास इजा, शिक्षणाचा अभाव, एकटेपणा व मनाची खिन्नता हीं त्यांतील कांहीं कारणें होत. वनस्पतिज इस्ट्रोजेनची उणीव हें कारण त्या यादींत नाहीं.

त्यांतही रक्तदाबाचा प्रयोग आमच्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावा असा आहे, कारण तो खेड्यांतच झाला. चीनमध्यें ३२६ गांवें निवडून त्यांपैकीं निम्म्या गांवांत, मोठ्या डॉक्टरांनीं नव्हे तर गांवच्याच साध्या वैद्यकीय सेवकांनीं, रक्तदाब वाढलेल्या लोकांस स्वस्त गोळ्या नियमानें दिल्या व रक्तदाब ठरलेल्या मर्यादेखालीं आणला. उरलेल्या गांवांत नेहमींप्रमाणें चालूं दिलें. सुमारें चौतीस हजार माणसें, चार वर्षें. २०२५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: औषध नीट चालविलेल्या गांवांत स्मृतिभ्रंश शेंकडा पंधरांनीं कमी. शेंकडा पंधरा हा आंकडा जाहिरातीस शोभेल एवढा मोठा नाहीं. परंतु तो दोन खाचरें शेजारीं शेजारीं ठेवून मोजलेला आहे. ऐकण्याच्या यंत्राविषयींही २०२३ सालीं अमेरिकेंतून अशीच वार्ता आली. सर्व वृद्धांत मिळून फरक दिसला नाहीं, परंतु ज्यांस हृदयविकार, रक्तदाब इत्यादींमुळें मूळचाच धोका अधिक होता, त्यांच्यांत यंत्र घालणाऱ्यांची बुद्धि तीन वर्षांत पुष्कळ कमी वेगानें घटली.

हा प्रश्न परदेशापुरता नाहीं. भारतांत साठीवरील माणसांत शेंकडा सुमारें साडेसात, म्हणजे अठ्ठ्याऐंशीं लाखांच्या आसपास लोकांस स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें व शहरांपेक्षां खेड्यांचें प्रमाण अधिक आढळलें. आमच्या वाड्यांतील म्हाताऱ्या स्त्रियांच्या आयुष्याकडे पाहिलें तर याचें आश्चर्य वाटत नाहीं. शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं, पन्नास वर्षें चुलीचा धूर घेतलेला, दांतांस मशेरी, तोंडीं लावावयास खारवलेली सुकी मासळी नाहीं तर लोणचें, डोळ्यांत मोतीबिंदु, कानास कमी, आणि बोलावयास दिवसभर कोणी नाहीं. या यादींतील एकही गोष्ट डब्यानें बदलत नाहीं. पण पहिली सोडली तर बाकीच्या बहुतेक गोष्टी घरच्या माणसांस थोड्याफार बदलतां येतात.

यावर आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली सूचना कुटुंबांस. साठी उलटलेल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी करण्याची सरकारी योजनाच आहे, आणि गांवच्या आशाताईंस विचारल्यास उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची सोय कळते. गोळी सुरू झाली तर बरें वाटलें म्हणून ती बंद करूं नये. विसर नव्यानें दिसूं लागला, एकच गोष्ट पुनःपुन्हां विचारली जाऊं लागली, ओळखीच्या वाटेवर माणूस घोटाळूं लागला, तर 'वय झालें' म्हणून सोडून न देतां डॉक्टरांस दाखवावें, आणि थायरॉइड व ब-१२ यांची तपासणी करून घ्यावी कीं काय हें त्यांस विचारावें. मुंबईच्या मुलांनीं डब्याऐवजीं तपासणीच्या दिवशीं स्वतः यावें. म्हातारीला तेवढ्यानेंही पुष्कळ बरें वाटेल.

दुसरी सूचना शेतापुरती. ज्यांची स्मृति आज धड आहे त्यांच्याकडून बांध, पाण्याच्या पाळ्या, झाडांचे हक्क व वाणांची माहिती एका वहींत लिहून घ्यावी. नातवंडें शिमग्यास येतात तेव्हां हें काम त्यांच्याकडे द्यावें. सांगणाऱ्यास मान वाटतो, आणि लिहिणाऱ्यास आपली जमीन कळते. आणि ज्यांची स्मृति उणी झाली आहे, त्यांच्या अंगठ्यानें कोणताही कागद करून घेऊं नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, केलेल्या व्यवहाराचा अर्थ ज्यास त्या वेळीं समजत नाहीं त्याचा करार टिकत नाहीं. आणि कायदा बाजूस ठेवला तरी तें कृत्य शेतकऱ्याच्या घरास शोभत नाहीं.

तिसरी सूचना आमच्या स्वतःच्या मंडळास. मंडळाच्या दुकानांत असले डबे विक्रीस ठेवूं नयेत, आणि मृगापूर्वीं जी वार्षिक सभा भरते तिच्या दिवशीं आरोग्य केंद्राच्या सेवकांस विनंती करून सभामंडपाच्या एका कोपऱ्यांत रक्तदाब मोजण्याची व्यवस्था करावी. सभेस येणाऱ्या सभासदानें घरच्या वृद्धांस बरोबर आणावें. बियाणें पेरण्यापूर्वीं आपण शंभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून तें उगवतें कीं नाहीं पाहतों, आणि न उगवणारें बी कोणी कितीही गोड बोलून देऊं लागला तरी घेत नाहीं. तीच शिस्त औषधाच्या बाबतींत पाळली म्हणजे पुरे. जाहिरातीच्या उत्पन्नांत या महिन्यांत जी तूट आली, ती सभासद वर्गणी वेळेवर भरून काढतील असा आम्हांस भरंवसा आहे.